नवं कोरं नाणं, पण सिंहांचे चेहरे सपाट: टांकसाळीत असं कसं होतं?

तुम्ही विचारलंय की १ रुपयाचं स्टीलचं नाणं चकचकीत आहे, साल स्वच्छ वाचता येतं, फक्त सिंहांचे चेहरे गायब, तर हे झिजलंय की बनलंच असं, आणि विकलं तर किती येतील.

बहुतेक बनलंच असं. भिंगातून बघा, झिजलेला भाग गुळगुळीत असतो आणि कडाही सोबत झिजलेली असते. न उमटलेल्या भागावर मात्र कोऱ्या चकतीचे बारीक खड्डे-ओरखडे तसेच राहतात, कारण ठशाच्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या साच्याच्या, खोल भागात धातू पोचलेलाच नसतो.

दोन ठशांमध्ये चकती दाबली की धातू सरकून खाचा भरतो, आणि सगळ्यात खोल खाच शेवटी भरते. त्यात दाब कमी पडला, चकती पातळ निघाली किंवा ती भट्टीत नीट नरम झाली नाही तर तेवढीच राहून जाते. १९९२ पासून आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला आणि स्टील आधीच्या कॉपर-निकेलपेक्षा हट्टी. दोन्ही बाजूंचे उठाव पाठीला पाठ लावून आले तर अजून पंचाईत, एवढा धातू आणायचा कुठून? अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचे मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीची जुनी नाणी, यासाठी बदनामच आहेत, इकडे लिबर्टी (स्वातंत्र्य) देवीच्या कानावरचे केस सपाट आणि तिकडे बरोब्बर गरुडाची छाती सपाट.

मशीनच्या ग्रीसचं प्रकरण वेगळं. ऑफिसच्या रबरी शिक्क्यात शाईचा गाळ बसून अक्षरं बुजतात ना, तसं ठशात ग्रीस आणि धूळ बसते, मग एखादं अक्षर किंवा आकडाच गायब. ठसा जुना झाला किंवा जास्त पॉलिश केला तरी बारीक नक्षी जाते.

शिवराईची, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याची, गोष्ट मात्र यात धरू नका हां. तिच्यावर 'श्री राजा शिव' अर्धवट दिसतं ते बऱ्याचदा ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा म्हणून, हातोडा बसेल तेवढंच उमटणार.

किमतीचं म्हणाल तर यूट्यूबवरचे लाखाचे आकडे विसरा, कमी उमटलेल्या नाण्याला कलेक्टर उलट कमीच देतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर टांकसाळीच्या १९२२ च्या सेंटवरचं 'डी' हे टांकसाळीची खूण असलेलं अक्षर गायब असेल तर भाव येतो, कारण त्या वर्षी सेंट फक्त तिथेच पाडले होते, म्हणजे अक्षर नसलेला सेंट असायलाच नको होता. असे अपवाद थोडेच.

आणि पितांबरीने घासू नका प्लीज, वरची चमक गेली की झिजलंय की उमटलंच नव्हतं हे भिंगातूनही ओळखणं अवघड.