तेरीज ५४० ने चुकते

प्रश्न : तेरीज पत्रकात (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी; तिच्या दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात) जमेची (क्रेडिट) बाजू नावेपेक्षा (डेबिट) ५४० ने जास्त येते. बेरजा तीनदा तपासल्या. फरक उचंत खात्यात (न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचं खातं) टाकून अंतिम खाती करू का?

उत्तर : इतक्यात नको. हा आकडा बरंच काही सांगतोय.

आधी त्याचं निम्मं करा : २७०. नावे बाकी २७० असलेलं खातं चुकून जमेच्या रकान्यात गेलं असेल, तर फरक बरोबर दुप्पट पडतो. असं खातं नसेल तर ९ ने भागून पाहा. ५४० ला नि:शेष भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झाल्याचा दाट संशय. नावे बाकी १,८२० ऐवजी १,२८० लिहिली की फरक नेमका ५४०! ६०० चे ६० झाले, तरी तेवढाच. त्यामुळे खतावणीतली (खातेवहीतली) बाकी आणि पत्रकातला आकडा शेजारी ठेवून अंक न् अंक ताडून पाहा. नुसती बेरीज पुन्हा करून ही चूक कधीच सापडत नाही. रोख आणि बँकेची बाकी पत्रकात आणायची राहिली नाही ना, तेही बघा. ती खतावणीत नाही, रोकड वहीत असते, म्हणून हमखास विसरते.

सगळं करूनही फरक उरला, तरच उचंत खातं.

आणि तेरीज जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका. यंत्रदुरुस्तीचे १,००० यंत्र खात्यावर नावे टाकले तरी ती जुळते. मात्र खर्च मालमत्तेत लपतो आणि नफा फुगतो. ही चूक शोधायला मूळ पावत्याच उघडाव्या लागतात.