ऑटोमेटेड वर्कफ्लोमध्ये ट्रिगर आणि ॲक्शन सोडून अजून काय काय असतं?

तुम्ही म्हणताय ट्रिगर आणि ॲक्शन कळलं, पुढे काय. खरं तर हेच दोन भाग सगळ्यात सोपे, म्हणून डेमोत तेवढेच दाखवतात.

वर्कफ्लो म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांनी चालणारं काम. ट्रिगर म्हणजे ते कशाने सुरू होतं: फॉर्म भरला, मेल आला, किंवा रोज सकाळी ९ ला आपोआप सुरू. ॲक्शन म्हणजे त्यावर सिस्टीम जे काम करते ते. मग येतात कंडिशन, म्हणजे फाटे. वर्कफ्लो चित्रात काढायची बीपीएमएन नावाची चिन्हांची पद्धत आहे (२.० व्हर्जन २०११ चं, २०१३ ला ते आयएसओ स्टँडर्ड पण झालं), त्यात गोल म्हणजे घटना, गोलसर कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम आणि कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन म्हणजे गेटवे, जिथे रस्ते फुटतात किंवा परत जोडतात. गेटवेत फुली असेल तर एकच रस्ता घ्यायचा, अधिकचं चिन्ह असेल तर सगळे रस्ते एकदम चालू आणि पुढे जोडताना सगळे येईपर्यंत थांबायचं. नवीन लोक इथेच हमखास गंडतात, फुलीने फोडतात आणि अधिकने जोडतात, मग वर्कफ्लो तिथेच अडकून बसतो कारण दुसरा रस्ता कधी येणारच नसतो.

पण माझ्या मते खरा भाग आहे वाट बघणं. बिल पास करायचंय आणि साहेब आठवडाभर रजेवर, तोपर्यंत हा वर्कफ्लो कुठल्या पायरीवर आहे, त्यातला डेटा काय, हे सगळं डेटाबेसमध्ये सेव्ह राहिलं पाहिजे. सोबत टायमर हवा, दोन दिवसांनी रिमाइंडर, चार दिवसांनी काम दुसऱ्याकडे.

दुसरं म्हणजे एरर. समोरच्या सिस्टीमचं उत्तर आलं नाही तर रिट्राय करा, म्हणजे परत पाठवा, असं सगळेच सांगतात, पण उत्तर आलं नाही म्हणजे काम झालंच नाही असं नसतं ना! पेमेंट दोनदा जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला एक युनिक आयडी द्यायचा आणि रिट्रायला तोच परत पाठवायचा, म्हणजे समोरची सिस्टीम (तिला ते येत असेल तर) ओळखते की हे आधीचंच आहे. आणि मधेच फसलं तर आधीच्या पायऱ्या उलट्या करायची सोय पण लागते, बुकिंग केलं असेल तर कॅन्सल करणारी पायरी वेगळी लिहावी लागते, ती आपोआप होत नाही. लॉग, म्हणजे कधी काय झालं याची नोंद, तर हवाच.

टूल घेताना दोन गोष्टी मुद्दाम करून बघा. काम अप्रूव्हलला थांबलेलं असताना सर्व्हर रिस्टार्ट करा, ते होतं त्याच पायरीवर राहतं का बघा, आणि तेव्हाच वर्कफ्लोत एक पायरी वाढवा, मग जुनी अडकलेली कामं जुन्या रस्त्याने जातात का नव्या ते बघा.