आवाज ठीक आहे, मग दुर्बीण कशाला?

प्रश्न : थायरॉइडची एक बाजू काढून दहा दिवस झाले. आवाज पूर्वीसारखाच आहे. तरी सर्जन नाकातून दुर्बीण घालून स्वरतंतू तपासून घ्या म्हणतात. गरज आहे का?

आहे. आवाज फसवतो. तंतू हलवणारी नस थायरॉइडला खेटून जाते; ती दुखावून एक तंतू लुळा पडला, तरी दुसरा मधली रेघ ओलांडून त्याला गाठतो आणि बोलणं सावरून घेतो. उद्या दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन करायची वेळ आली आणि तिथलीही नस दुखावली, तर दोन्ही तंतू मधोमध अडकून श्वासच कोंडेल. म्हणून आज बघायचं. उलटही घडतं : आवाज घोगरा, पण तंतू उत्तम हलताहेत. ती बहुधा भूल देताना घातलेल्या नळीची सूज. सहसा काही दिवसांत ओसरते.

प्रश्न : नाकातून नळी घालायची भीती वाटते. सोनोग्राफीवर भागेल का?

कधीकधी भागतं. पण वयानुसार स्वरयंत्राच्या कूर्चेत कॅल्शियम साठतं, पुरुषांत जास्तच, आणि मग सोनोग्राफीत आतलं नीट दिसत नाही. दुर्बीण जेमतेम 3-4 मिलिमीटर जाडीची असते. आधी नाकात बधिर करणारा फवारा मारतात. डोळ्यांत पाणी येईल, तेवढंच. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात : ‘ई’ म्हटलं की जुळतात, हुंगलं की उघडतात. मी ‘ई’ आणि हुंगणं आलटूनपालटून करायला लावतो. कामचुकार तंतू तिथे पकडला जातो. नंतर बधिरपणा जाईपर्यंत पाणीही नको, ठसका लागेल.

प्रश्न : ‘डावा तंतू हलत नाही’ असा रिपोर्ट आला. नस कापली गेली का?

तसंच असेल असं नाही. नुसती ताणली गेली, तरी ती काही काळ गप्प होते. अशी नस बहुतेकदा सहा महिन्यांत जागी होते, क्वचित वर्ष लागतं. ऑपरेशनपूर्वीचा रिपोर्ट शोधा. तंतू आधीपासूनच लुळा असू शकतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र वाट बघत बसू नका. स्पीच थेरपी आत्ताच सुरू करा. लुळ्या तंतूत इंजेक्शन देऊन त्याला मध्याकडे सरकवताही येतं.

प्रश्न : मी गाते. तंतू हलतात म्हणे, पण वरचे सूर लागत नाहीत.

तुमची तक्रार खरी मानून चालू. तंतूला ताण देणाऱ्या स्नायूची नस वेगळी असते, आणि तिची इजा साध्या तपासणीत हमखास निसटते. स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर संथ करून दाखवणारी तपासणी, करून घ्या, आणि ती चालू असताना सूर खालून वर चढवत न्या.

प्रश्न : श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो. पुढच्या तपासणीला दाखवू का?

नाही. आत्ता इमर्जन्सीत जा.