वनस्थलीच्या रतनजी

प्रश्न : माझ्या मुलीला राजस्थानातल्या वनस्थली विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. माहिती वाचताना सगळीकडे स्वातंत्र्यसैनिक हिरालाल शास्त्रींचं नाव पुढे येतं. रतन शास्त्री मात्र ‘त्यांच्या पत्नी’ एवढ्यावरच संपतात. त्यांनी नेमकं काय केलं? आणि खादीचा गणवेश, घोडेस्वारी हे सगळं अजून कशासाठी?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, लेकीचं मनापासून अभिनंदन! तुमचा पहिला प्रश्न वाचून फार बरं वाटलं. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि बायकांच्या वाट्याला पुस्तकात एकच ओळ येते हे मला कायम खुपत आलं.

हिरालालजींचं श्रेय कमी करायचं कारण नाही. जयपूर संस्थानातली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून १९२९ साली ते बंथली नावाच्या आडगावात राहायला गेले. ‘जीवन कुटीर’ नावाने त्यांनी ग्रामसुधारणेचं काम मांडलं. पण त्यांच्याबरोबर त्या उजाड गावात गेलेल्या रतनजींचा जन्म १९१२चा. म्हणजे वय सोळा-सतरा. पडद्याच्या मुलखात त्यांनी पडदा सोडला, अंगावर खादी घेतली.

एप्रिल १९३५मध्ये शास्त्रींची बारा वर्षांची लेक शांता अचानक गेली. गावातल्या पोरांना शिकवायला झोपडी हवी म्हणून ती स्वतःच्या हातांनी मातीच्या विटा पाडत असे. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, ओळखीच्या घरांतल्या पाच-सहा मुली आणून तिथे शाळा सुरू झाली; तिचंच पुढे वनस्थली विद्यापीठ झालं. तेव्हा रतनजींना तेवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आपल्याकडे पुण्यातली मुलींची शाळा हुजूरपागा १८८४ची. राजपुतान्यात मात्र मुलगी घराबाहेर शिकायला, तीही राहायला पाठवायची, म्हणजे आईबापांनी कुणावर तरी पूर्ण भरवसा टाकायचा. तो भरवसा कुणावर टाकला असेल? राजकारणात गुंतलेल्या पुरुषावर नव्हे, त्या मुलींबरोबर राहणाऱ्या बाईवर.

आता पुढची वर्षं बघा. १९३९मध्ये, संस्थानातल्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जयपूर प्रजामंडळाचा सत्याग्रह झाला. मंडळाचे अध्यक्ष आपल्या वर्ध्याचे जमनालाल बजाज; त्यांना अटक झाली, हिरालालजीही तुरुंगात गेले. पुढे १९४९मध्ये ते राजस्थानचे पहिले मुख्यमंत्री झाले. घरधनी आधी तुरुंगात, मग सचिवालयात. वसतिगृहातल्या तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी कोण बसलं असेल, ते मी वेगळं सांगायला नको. बरं, रतनजी नुसत्या मागे राहिल्या असंही नाही. १९३९च्या सत्याग्रहात त्या स्वतः होत्या, आणि बेचाळीसमध्ये भूमिगत कार्यकर्त्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना त्यांनी सांभाळलं.

हिरालालजी १९७४च्या अखेरीस गेले. त्यानंतर जवळपास चोवीस वर्षं, १९९८पर्यंत रतनजी होत्या. १९८३मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तो त्यांच्या डोळ्यांसमोर. पद्मश्री १९५५, पद्मभूषण १९७५, आणि १९९०मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. ‘पत्नी’ एवढीच ओळख असलेल्या बाईला हे मिळत नाही, ताई.

घोडेस्वारी हौसेखातर नाही. तिथल्या शिक्षणाला ‘पंचमुखी’ म्हणतात : शरीर, हातकाम, कला, नीती आणि बुद्धी, पाचही अंगांनी मुलगी घडावी असा आग्रह. घुंगटातून समोरची वाटही धड न दिसणाऱ्या मुलींच्या मुलखात मुलीला घोड्यावर बसवणं म्हणजे काय, हे त्या काळात उभं राहून पाहायला हवं. पुढे तिथे विमान चालवण्याचंही शिक्षण सुरू झालं. माझ्या मते तिथल्या कुठल्याही पदवीइतकंच हे मोलाचं आहे, तेव्हा लेकीला घोड्यावर बसायला नको म्हणू नका.

खादीचं म्हणाल तर एवढंच लक्षात ठेवा : कापड घेतल्यावर आधी पाण्यातून काढा, कडक वाळवा, मगच शिवायला टाका. खादी आटते. आणि शिंप्याला मापं जरा सैलच घ्यायला सांगा.