ब्लॅकबेरी स्वतःच्याच परागांवर फळते, मग मधमाश्या आणि बांधावरची रानफुलं कशाला हवीत?

हवीतच, कारण स्वफलित असणं म्हणजे कीटकांशिवाय भागणं नव्हे. लागवडीतल्या बहुतेक वाणांना दुसऱ्या वाणाचे पराग लागत नाहीत हे खरं, पण आहेत ते पराग नीट पसरायला हवेत. एका फुलात कित्येक डझन स्त्रीकेसर असतात आणि ज्याला पराग मिळतो त्याचाच रसाळ दाणा होतो. आपण जिला एक बेरी म्हणतो तो या दाण्यांचा घोस. मधमाशी फुलावर गोल फिरत पराग सगळीकडे लावते. ती आलीच नाही तर बरेच दाणे भरत नाहीत, फळ लहान आणि वेडंवाकडं राहतं. रानटी ब्लॅकबेरीच्या अनेक प्रकारांत तर बी फलनाशिवाय, म्हणजे नर-मादी पेशींच्या मीलनाशिवाय तयार होतं, तरीही त्या बियाचा भ्रूणपोष (गर्भाला पोसणारा बीतला भाग) घडायला पराग लागतोच!

रानफुलांचं म्हणाल तर ब्लॅकबेरीचा बहर काही आठवड्यांचा, बाकीच्या काळात या कीटकांनी खायचं काय? शिवाय काही लहान एकांड्या मधमाश्या ब्लॅकबेरीच्याच वाळलेल्या काड्यांचा मऊ गाभा पोखरून आत घर करतात. म्हणून छाटणीनंतर निरोगी काड्या थोड्या तरी कडेला राहू द्या, सगळ्या जाळू नका.

मात्र प्रत्येक वेडंवाकडं फळ परागीभवनाच्या कमतरतेमुळेच होतं असं नाही. बहरातली कडक थंडी, विषाणूरोग किंवा झाडाचा रस शोषणाऱ्या ढेकणासारख्या किडी यांच्यामुळेही दाणे नीट भरत नाहीत, तेव्हा आधी झाड तपासा.