पावसाळ्यात अर्धवट राहिलेल्या पाकिटाच्या चामड्यावर बुरशी आली, टाकून देऊ का?

टाकू नका. नक्षीसाठी ओलं केलेलं चामडं रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंत ना? तिथेच घोळ झाला. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं चामडं (कोल्हापुरी चपलेचं असतं तसं) दमट हवेत चटकन बुरशी धरतं. मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या ब्रशने वरची बुरशी झाडा. मग ७०% आयसोप्रोपिल अल्कोहोलने नुसता डाग नाही, अख्खा तुकडा पुसा. आधी एका कोपऱ्यावर तपासून. सावलीत, पंख्याखाली वाळवा. ब्लीच अजिबात नको. आत मुरलेले काळे ठिपके बहुधा जात नाहीत. मी अशा तुकड्याला सरळ गडद तपकिरी रंग देतो. पुढच्या वेळी ओला तुकडा फ्रिजमध्ये ठेवा, घरचे ओरडले तरी.