काळ्या रेशमावरचा सोन्याचा टाका

प्रश्न : आपा, शेजारचं कुटुंब मक्केची उमरा यात्रा करून आलं. काब्यावर चढवतात ते काळं कापड, म्हणजे किस्वा, तयार होतो तो मक्केतला कारखानाही टूरवाल्याने घाईघाईत दाखवला म्हणे. मी हातमागावर पैठणी विणतो. तिथला माग कसा असतो? आणि माझ्यासारख्या हिंदू माणसाला तो बघता येईल का?
– एक विणकर, येवला

उत्तर : भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. मक्का शहरात मुसलमानांखेरीज कुणाला प्रवेश नाही, त्यामुळे कारखान्यात तुम्हाला जाता येणार नाही. जेद्दाला मात्र जाता येतं. तिथे इस्लामी कलांचं मोठं प्रदर्शन, म्हणजे बिएनाले, एक वर्षाआड भरतं आणि २०२५ साली त्यात अख्खा किस्वा मांडला होता. मक्केबाहेर असा पूर्ण किस्वा मांडण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वेळी काय मांडणार ते चौकशी करूनच तिकीट काढा.

आता माग. तुमचा जीव थोडा खट्टू होईल, पण किस्व्याचं कापड आता यंत्रमागावर, नक्षी विणणाऱ्या जकार्डवर निघतं. पदरातल्या मोराच्या प्रत्येक रंगाच्या दोऱ्याची तिल्ली तुम्ही बोटांनी फिरवता, तसलं तिथे काही नाही. तरी कापड बघण्यासारखं आहे. काळ्या रेशमात काळ्याच रेशमाने कलमा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, आणि 'या अल्लाह' विणलेलं असतं. समोरून नुसतं काळं दिसतं, उजेड तिरका पडला की अक्षरं उमटतात. उंची सुमारे १४ मीटर, ४७ तुकडे जोडून शिवलेले.

हाताचं काम आहे ते भरतकामात, आणि तिथे मी पाय रोवून उभी राहिले. जुन्या नाशकात अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, वाकून दर्ग्याच्या चादरी भरण्यात माझी उमर गेली, त्यामुळे त्या लोकांच्या पाठी बघूनच कळलं की आपलेच भाईबंद आहेत. कापड चौकटीवर ताणलेलं, दोन्ही बाजूंना कारागीर बसलेले. अक्षरं आधी छापून घेतात. मग आत सुती दोऱ्याची भरती देऊन त्यांना उठाव आणतात आणि त्यावर सोन्याचं पाणी दिलेली चांदीची तार. गंमत अशी की ही तार कापडातून आरपार जातच नाही. ती वरच्या वर इकडून तिकडे फिरवतात आणि प्रत्येक वळणावर बारीक धाग्याने बांधतात. आरपार ओढली तर तार तुटेल, रेशीम फाटेल, आणि निम्मं सोनं कुणाला न दिसणाऱ्या बाजूला जाईल. काब्याच्या वरच्या भागात चारी बाजूंनी फिरणारा पट्टा, त्याला हिजाम म्हणतात, तो ४७ मीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद. तो सगळा असाच भरतात.

आणि एक गोष्ट तुमच्या मागाशेजारच्यांना जरूर सांगा. शतकानुशतकं किस्वा इजिप्तहून यायचा. १९२६ च्या हजला तंटा झाला, इजिप्तने किस्वा थांबवला, आणि १९२७ साली राजे अब्दुलअजीज यांनी मक्केतच कारखाना काढला. तेव्हा माग आणि कारागीर आले ते आपल्या हिंदुस्थानातून.

प्रश्न : आईच्या उमरा टूरच्या पत्रकात 'किस्वा फॅक्टरी' छापलंय. टूरवाल्याला नेमकं काय विचारू?
– नाशिकरोड

उत्तर : बेटा, एवढंच विचार : कारखान्याच्या आत नेणार की शेजारच्या संग्रहालयात? उम्मुल जूद भागात दोन्ही लागून आहेत, आणि संग्रहालय दाखवून कारखान्याच्या नावावर खूण करणारे टूरवाले मी पाहिलेत. संग्रहालयही वाईट नाही, काब्याचा जुना दरवाजा तिथे आहे. पण चालू हात बघण्याची सर त्याला नाही. आत नेणार असतील तर किती वेळ थांबणार हेही लिहून घे. पुढे हजला जाल तेव्हा आईला आधीच सांगून ठेव की गर्दीपासून जपायला किस्व्याची खालची कड सुमारे तीन मीटर वर उचलतात आणि खाली पांढरं कापड लावतात. नाहीतर हात लावायला गेलेली माणसं हिरमुसतात. नवा किस्वा पूर्वी हजच्या महिन्यात, ९ झिल्हजला, चढायचा; २०२२ पासून इस्लामी वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ मोहरमला, चढतो.

प्रश्न : किस्व्याचा 'असली' तुकडा फ्रेमसह विकत मिळतोय. घ्यावा का?
– वडाळा नाका

उत्तर : नको. उतरवलेल्या किस्व्याचे तुकडे सरकार पाहुण्यांना, संस्थांना भेट देतं. काब्याच्या दाराचा एक पडदा १९८३ साली संयुक्त राष्ट्रांना दिला होता. असली तुकडा बाजारात मिळेल, अशी आशा धरू नका. शोभेची नक्कल म्हणून आवडली तर नकलेच्या भावाने घ्या.

प्रश्न : परदेश जमणार नाही. नाशिकहून दोन दिवसांत इमारती आणि विणकाम दोन्ही बघायचंय, दर्ग्यात चादरही चढवायची आहे.
– इंदिरानगर

उत्तर : येवल्यावरून छत्रपती संभाजीनगरला जा. बीबी का मकबरा, पाणचक्की सगळे दाखवतात, त्यावर मी शाई घालवत नाही. खुलताबादला मात्र सकाळी निवांत जा. तिथे सूफी संत जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात पैगंबरसाहेबांचा मानला जाणारा अंगरखा कुलपात जपलेला आहे आणि वर्षातून एकदाच, ईद-ए-मिलादला, दर्शनाला काढतात. मलिक अंबरची कबरही याच गावात आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही जा.

शहरात परतल्यावर हिमरूचं विणकाम बघा. सुती ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, रेशमाचा जादा बाणा, म्हणजे आडवा धागा; नक्षी नसते तिथे तो धागा पाठीमागे मोकळा पळतो. तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली तेव्हा ही कला आली असं सांगतात. आता हातमाग मोजके उरलेत, दुकानांत बहुतेक यंत्रमागाचा माल. म्हणून शाल उलगडण्याआधी "माग चालू दाखवा" म्हणा. टाळाटाळ झाली तर हातमागाची किंमत देऊ नका.

चादरीचं म्हणाल तर प्लास्टिकच्या लेशीची चकचकीत नको. साधी हिरवी सुती घ्या, कडेला चार बोटं कसबाची, म्हणजे जरीची, पट्टी शिवून. मजारीचं माप आधी विचारा. मोठी चादर दुमडून ठेवावी लागते, आणि कसब पहिल्यांदा घडीवरच तुटतं.